कार्डाची मागची बाजू

मित्रांनो, माझ्या पोटात एकेकाळी चाळीस हजार माणसे राहत होती. घाबरू नका. मी राक्षस नाही आणि अजगरही नाही. नागपूरच्या एका दवाखान्यातले मी सागवानी कपाट. अंगावर ओरखडे पडले आहेत, एका पायाखाली विटेचा तुकडा आहे. मला अठ्ठेचाळीस खण आहेत. प्रत्येक खणात जाड कागदाची कार्डे एकामागे एक उभी असत, शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली मुले असतात तशी. एका कार्डावर एक माणूस. त्याचे नाव, गाव, वय, अंगावरची खूण आणि त्याचे आजाराचे कागद कुठल्या गठ्ठ्यात आहेत तो नंबर. पुन्हा आजारी पडून कोणी आला, की आधी माझा खण उघडत आणि मग डॉक्टर त्याला तपासत.

आता हे काम कॉम्प्युटर करतो. तो माझ्यापेक्षा हुशार आहे आणि फार जलद आहे, हे मी मोकळ्या मनाने सांगते. मला त्याचा राग नाही. पण एक गोष्ट अशी आहे, जी त्यालाही एका बाईकडून शिकावी लागली आणि मलाही. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म १९६४ साली लकडगंजात झाला. तिथे दिवसभर आरा मशीन घरघरते आणि पायाखाली भुशाची गादी असते. मला घडवले धोंडबा मिस्त्रींनी. माझी मागणी घेऊन दवाखान्याचे रेकॉर्ड क्लार्क आले होते, आनंदराव. अठ्ठावीस वर्षांचा किडकिडीत माणूस, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांनी कागदावर खण काढून दाखवले.

धोंडबांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "येवढे खण कशाले गा? मसाल्याचं दुकान घालून राहिले का?"

"माणसं ठेवाची हायेत त्याच्यात," आनंदराव म्हणाले.

"मंग हवेले भोकं ठेवतो."

दोघे हसले. पण काम धोंडबांनी मन लावून केले. प्रत्येक खणाला पितळी कडी लावली आणि कडीच्या वर अक्षराची चिठ्ठी अडकवायला छोटी चौकट केली. मला हातगाडीवर चढवताना त्यांनी आनंदरावांना बजावले, "सागवान असलं तरी पावसाळ्यात फुगते. दर उन्हाळ्यात खणाच्या खालून मेणबत्ती घासत जाजो. नाही घासली तं ऐन वक्ती अडकन."

आनंदराव हे विसरले नाहीत. दर मे महिन्यात, बाहेर रस्त्यावरचे डांबर पातळ होत असताना, ते एकेक खण मांडीवर घेऊन मेण घासत. आमच्याकडे कार्डे माणसाच्या स्वतःच्या नावाने लागत, आडनावाने नाही. खेड्यातला माणूस खिडकीशी आला, की आधी आपले नाव सांगतो, मग बापाचे आणि मग गावाचे. म्हणून 'क'चा खण, 'ख'चा खण, 'ग'चा खण असा माझा संसार होता.

आनंदरावांचा एक नियम होता. तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. खिडकीशी आलेला माणूस जे नाव सांगेल, तेच त्याचे नाव. त्याच्या मागे जायचे नाही. 'याआधी काय नाव होते?' असे कोणालाही विचारायचे नाही.

असा नियम त्यांनी का केला, तेही सांगते. आईबापांनी त्यांचे नाव लहानू ठेवले होते. १९५६ साली याच नागपुरात लाखो लोकांबरोबर त्यांच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यांनी जुने नाव सोडले आणि आनंदराव झाले. पुढे नोकरीसाठी ज्या ज्या कचेरीत गेले, तिथे कोणी ना कोणी पानाचा तोबरा गालात सरकवून विचारी, "हे झालं गा. पहिले काय नाव होतं?" नाव विचारणाऱ्याला नाव नको असे. त्याला जात हवी असे. आनंदरावांनी तेव्हाच ठरवले होते, की आपण टेबलाच्या या बाजूला बसलो तर हा प्रश्न कोणाला करायचा नाही.

मित्रांनो, हा नियम चांगला होता. चांगल्या मनातून आला होता. म्हणूनच पुढची गोष्ट सांगताना मला जड जाते.

१९६७ साली उमरेडच्या वाटेवरच्या एका खेड्यातून रामाजी नावाचे शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी दहा वर्षांची, नाव गोपिका. गवत कापताना विळा पायाला लागला होता आणि जखम चिघळून ताप चढला होता. उजव्या भुवईवर एक जुनी खोक होती. आनंदरावांनी तीच खूण म्हणून लिहिली. डॉक्टरीणबाईंनी पेनिसिलीनचे इंजेक्शन सांगितले. ते देण्याआधी हाताच्या कातडीत थोडेसे टोचून पाहतात. तिथे लाली किंवा सूज आली नाही, तरच पूर्ण औषध देतात. गोपिकेच्या हाताला काही झाले नाही. म्हणून पूर्ण औषध दिले आणि पाचच मिनिटांत तिचे ओठ निळे पडले, श्वास अडकला. डॉक्टरीणबाई दोन तास तिच्या खाटेवरून उठल्या नाहीत. पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः माझ्याजवळ आल्या. त्यांनी गोपिकेचे कार्ड काढायला लावले. पुढच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून मागच्या बाजूला लाल शाईने लिहिले: 'हातावरच्या चाचणीत काही दिसत नाही. तरीही पेनिसिलीन कधीही देऊ नये. जिवाला धोका.'

"आनंदराव, मागचं वाचायला कोण जातं?" त्या म्हणाल्या. "खण उघडल्याबरोबर दिसेल असं काही तरी करा."

आनंदरावांनी पतंगाचा लाल कागद आणला, त्याची बोटभर पट्टी कापली आणि कार्डाच्या माथ्यावर खळीने चिकटवली. पुढे ज्याला ज्याला एखादे औषध सोसत नसे, त्याच्या कार्डाला ते अशीच पट्टी लावू लागले. पण पहिली लाल पट्टी गोपिकेची.

घरी जायच्या दिवशी ती बापाचे बोट धरून लंगडत खिडकीशी आली. आनंदरावांनी तिला आत बोलावले आणि 'ग'चा खण उघडून दाखवला.

"हे मी हावो?" तिने विचारले.

"हे तू. हे लाल पट्टी दिसून राहिली ना, हे तुही राखण."

"अन् मी घरी गेली तं?"

"तू गेली तरी हे इथंच राहीन. म्हातारी होऊन आली तरी इथंच."

तिला ते पटले नाही. "येवढ्या जणात मले कसं ओळखान तुमी?"

"नाव सांगजो," आनंदराव म्हणाले. "नाव सांगतलं का दोन मिनिटांत काढतो."

तिने बोटाने पट्टीला हळूच हात लावला आणि गेली.

त्यानंतरची दहा वर्षे माझ्या मानाची होती. बाहेरून पाहुणे येत, तेव्हा त्यांना मला दाखवायला आणत. एका तपासनीस साहेबांनी घड्याळ लावून पाहिले होते. त्यांनी सांगितलेले कार्ड आनंदरावांनी एक मिनिट चाळीस सेकंदांत काढून दिले. डॉक्टर म्हणत, 'आनंदरावांना विचारा.' सगळे आनंदरावांचे नाव घेत. तरी पितळी कड्या घासून ठेवलेल्या असत आणि त्यांच्यात येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडे दिसत, तेव्हा थोडे कौतुक आपलेही आहे असे मला वाटे.

मग १९७७ साल आले. त्या वर्षी कचेरीत बोलणे सुरू झाले, की लोखंडी कपाट येणार, हे लाकडी काढून टाकणार. जे जाणारच आहे त्याला मेण कोण घासतो? उन्हाळा गेला आणि माझ्या खणांना मेणबत्ती लागली नाही. आनंदरावांनीही 'आता काय' म्हणून हात आखडला. श्रावण संपता संपता माझे अंग फुगले. काही खण कुरकुरत उघडत, काही दोनदा ओढावे लागत.

त्याच उन्हाळ्यात तिकडे गोपिकेचे लग्न झाले होते. हे मला मागाहून कळले. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने तिचे नवे नाव लिहिले, प्रेमिला. आपल्याकडची ही रीत तुम्ही पाहिली असेल. तांदूळ हलले की अक्षर पुसते, पण नाव राहते. सासर नागपुरातच, नंदनवनला. नवरा शालिकराम लकडगंजात लाकडाच्या टालावर कामाला होता. निघताना रामाजींनी लेकीला बाजूला घेऊन सांगितले होते, "तिकडे दवाखान्याचं नाव काढू नको. म्हणतील, रोगी पोरगी गळ्यात बांधली." बापाने हे लेकीच्या काळजीनेच सांगितले होते.

भादव्यातल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला सासू बायजाबाई सुनेला रिक्षात घालून घेऊन आल्या. सून तापाने फणफणली होती, छाती भरली होती, डोळे उघडत नव्हते. तिला व्हरांड्यातल्या बाकावर निजवून बायजाबाई खिडकीशी आल्या.

"नाव?" आनंदरावांनी विचारले.

"प्रेमिला."

"नवऱ्याचं?"

"शालिकराम. माहा पोरगा."

"पहिले कधी आली होती का या दवाखान्यात?"

"नाही गा बापू. चार महिने झाले लगन होऊन. आमच्या घरचं कोणी इथची पायरी नाही चढलं आजवर."

आनंदरावांनी 'प'चा खण उघडला. प्रेमिला नावाच्या बऱ्याच होत्या, पण शालिकरामची एकही नव्हती. त्यांनी नवे कार्ड घेतले. खूण विचारली. "उजव्या भुवईवर खोक हाये," बायजाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझा 'ग'चा खण आणि 'प'चा खण यांच्यात हातभर अंतर आहे. एका खणात लिहिले होते, 'उजव्या भुवईवर जुनी खोक'. दुसऱ्यासाठी तेच शब्द पुन्हा लिहिले जात होते. मला कळत होते. पण लाकडाला कळून काय उपयोग?

इतक्यात बाकावरून आवाज आला. "लाल पट्टी हाये माही... आत हाये..."

"काय म्हणते ते?" आनंदरावांनी मान वर केली.

"तापात हाये, काहीबाही बरळून राहिली," बायजाबाई म्हणाल्या.  "सकाळपासून माहेरचंच नाव घेऊन राहिली. ते नाव आता नाही. आमी बदललं ते."

आनंदराव क्षणभर थांबले. टाक कागदावर टेकलेला राहिला. ते नाव कोणते, असे विचारायला दोन शब्द लागले असते. पण सोडलेल्या नावाच्या मागे जायचे नाही, हा त्यांचा तेरा वर्षांचा नियम होता. त्यांनी मान हलवली, कार्ड पुरे केले आणि वॉर्डाकडे पाठवले.

वॉर्डात शोभाताई सिस्टर होत्या. फार काळजीच्या बाई. त्यांनी नवे कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिले. मागची बाजू कोरी होती. त्यांनी रीतीप्रमाणे हातावर टोचले, घड्याळ पाहून वीस मिनिटे थांबल्या. हात स्वच्छ राहिला. तेव्हा त्यांनी पूर्ण इंजेक्शन भरायला घेतले. त्यांचे काय चुकले? काहीच नाही.

इकडे आनंदरावांनी डबा उघडला होता. पहिला घास हातात होता. तो तोंडाशी नेता नेता ते थबकले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"लाल पट्टी," ते स्वतःशी म्हणाले. "बाहेरच्या माणसाले लाल पट्टी कशी माहीत?"

घास डब्यात टाकून ते तसेच खरकट्या हाताने व्हरांड्यात धावले. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाई, सुनेचं माहेरचं नाव काय?"

बायजाबाई चपापल्या. "काहून पाहिजे तुमाले?"

"सांगा वं माय."

"आता ते नाव आमच्या घरात कोणी घेत नाही."

"पाया पडतो तुमच्या. जीव जाईन तिचा."

"गोपिका," बायजाबाई म्हणाल्या. "गोपिका रामाजी."

ते धावत आत आले, 'ग'च्या खणाची कडी धरली आणि ओढली. आणि मी अडले.

मित्रांनो, त्या क्षणाबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेले नाही. खण अर्धा बोट बाहेर आला आणि तिथेच घट्ट बसला. त्यांनी पाय माझ्या अंगाला लावून दोन्ही हातांनी ओढले. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने. चौथ्या हिसक्याला खण सुटला आणि सगळी कार्डे घेऊन जमिनीवर आला. गंगूबाई, गजानन, गणपत, गिरजा, सगळी माणसे फरशीवर पसरली. त्यांच्यात गुडघ्यांवर बसून ते लाल पट्टी शोधत होते. सापडली. कार्ड घेऊन ते पळाले. पितळी कडीवर वरणाचे बोट उमटून राहिले होते.

पुढचे मी शोभाताईंच्या तोंडून ऐकले. आनंदराव वॉर्डाच्या दारात पोचले, तेव्हा इंजेक्शन देऊन झाले होते. गोपिकेचे डोळे फिरले होते. डॉक्टर धावून आले होते, पण आधीच छाती भरलेली, म्हणून हा न्यूमोनियाचा जोर आहे असे समजून ते प्राणवायू लावत होते. आनंदरावांनी कार्ड उलटे करून त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. डॉक्टरांनी लाल अक्षरे वाचली आणि पेनिसिलीनचा जोर उतरवणारे औषध मागितले.

ती वाचली. पण बराच वेळ तिच्या मेंदूला हवा पुरी मिळाली नव्हती. तीन दिवसांनी शुद्धीवर आली, तेव्हा तिचा डावा हात उठत नव्हता. पुढे तो थोडा हलू लागला, पण त्याला गरम-थंड पुन्हा कळले नाही.

"कार्ड आलं म्हणून वाचली, आनंदराव," डॉक्टर म्हणाले.

"उशिरा आलं म्हणून हात गेला, साहेब," आनंदराव म्हणाले.

त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले, की चूक माझी आहे. वरिष्ठांनी कागद वाचला, नियमांचे पुस्तक चाळले आणि म्हणाले, "तुम्ही एकही नियम मोडलेला नाही."

"नाही मोडला, साहेब," आनंदराव म्हणाले. "मोडाले पाहिजे होता."

बायजाबाई रोज येत. सुनेला पाणी पाजून झाले, की व्हरांड्यात माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसत. एकदा त्या आनंदरावांना म्हणाल्या, "नाव मीच निवडलं होतं हो. प्रेमिला. माह्या मेलेल्या बहिणीचं."  आनंदराव उठून बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. 

त्यानंतर माझ्या पोटात पिवळी कार्डे आली. ज्याची दोन नावे, त्याच्या दुसऱ्या नावाच्या खणात एक पिवळे कार्ड, आणि त्यावर 'पांढरे कार्ड अमुक खणात पाहा' एवढेच लिहिलेले. पण त्यासाठी आधी विचारायला हवे होते, आणि आनंदरावांना तोच प्रश्न विचारायचा होता जो त्यांनी तरुणपणी इतका सोसला होता. पहिले काही दिवस ते तो टाळून नुसते नाव लिहून घेत. मग त्यांनी एक वाट काढली. आधी स्वतःचे सांगायचे.

"माहं जुनं नाव लहानू," ते खिडकीतून म्हणत. "तुमचं एखादं असंन तं सांगा. जात पाहाले नाही, कार्ड शोधाले."

बायका पदरात हसत आणि हळूच माहेरचे नाव सांगत. कित्येकींनी ते नाव अनेक वर्षांत उच्चारलेले नसे. पण सगळेच हसले नाहीत. एक वयस्कर गृहस्थ हा प्रश्न ऐकून ताडकन उठले आणि औषध न घेताच चालते झाले. आनंदराव त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि एकटेच परत आले.  दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुन्हा विचारले, पहिल्यापेक्षा हळू आवाजात.

गोपिकेच्या दोन्ही पांढऱ्या कार्डांवर आता लाल पट्टी होती आणि दोन्हींच्या मागे तीच लाल अक्षरे. लोखंडी कपाट शेवटपर्यंत आलेच नाही. मला पुन्हा दर उन्हाळ्यात मेण मिळू लागले.

१९८९ साली कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, थंड हवेचे यंत्र आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. आम्हा जुन्या सामानाला तो मान कधी मिळाला नव्हता. सुमती नावाची हुशार मुलगी तो चालवायला आली. आठ महिने बसून तिने माझी सगळी पांढरी कार्डे त्याच्यात घातली. साहेबांनी सांगितले होते, की एका माणसाची एकच नोंद करा, पुढची बाजू तेवढी घाला, पिवळी कार्डे सोडून द्या. पिवळी कार्डे पट्टीच्या कापडाने बांधून माझ्या डोक्यावर ठेवली. मला ढकलत ढकलत मागच्या व्हरांड्यात आणले. मागची बाजूही घाला, असे सांगायला आनंदराव दोनदा साहेबांकडे जाऊन आले. साहेब म्हणाले, "आनंदराव, आता मशीन बघेल सगळं."

एके दिवशी आनंदराव पुतणीच्या लग्नासाठी चंद्रपूरला गेले असताना खिडकीशी एक बाई आली. बत्तीस वर्षांची, एकटी. डाव्या हाताला फडके गुंडाळलेले. चुलीवर हात टेकला होता आणि तिला कळलेच नव्हते. भाजून तीन दिवस झाले होते, हात कोपरापर्यंत सुजला होता. ती गोपिका होती. खिडकीशी काय झाले, ते मला पुढे सुमतीच्या तोंडून कळले.

"नाव?" सुमतीने विचारले.

"सासरचं प्रेमिला शालिकराम. माहेरचं गोपिका रामाजी. दोनी लिहा."

"एकच लिहिता येते, ताई. एकच जागा आहे." सुमतीने बटणे दाबली. "हे बघा, सापडलं. प्रेमिला शालिकराम, नंदनवन. जा तुम्ही आत, इंजेक्शन घ्यावं लागेल."

गोपिका हलली नाही. "लाल दिसून राहिलं का त्याच्यावर?"

"लाल?" सुमती हसली. "याच्या पडद्यावर सगळी अक्षरं हिरवीच दिसतात, ताई."

"मंग त्याले म्हणा मागून वाच."

"मशीनला मागची बाजू नसते हो."

"माह्या कार्डाले हाये," गोपिका म्हणाली. मागे लोक खोळंबले होते, कोणी तरी 'सरक वं बाई' म्हणाले. तिने दुखरा हात छातीशी धरला आणि चांगला हात खिडकीच्या गजाला घातला. "दहा वर्षांची होती तवा मी सांगू शकत नव्हती. वीस वर्षांची होती तवा सांगतलं तं बरळते म्हणले. आता मी शुद्धीत हावो. जवरिक कोणी मागून वाचत नाही, तवरिक इथून हालत नाही मी."

 सुमती उठली. मागच्या व्हरांड्यात येऊन तिने माझा 'ग'चा खण ओढला. मित्रांनो, मी इतक्या अलगद सरकले, की तिचा तोल जाता जाता राहिला.

तिने लाल पट्टीचे कार्ड उपसले आणि उलटे केले. वाचले. पुन्हा वाचले. मग ती तिथेच, माझ्या शेजारी, फरशीवर बसली. आठ महिन्यांत तिने चाळीस हजार कार्डे हाताळली होती आणि एकही पालथे केले नव्हते. 'पुढची बाजू तेवढी' एवढेच तिला सांगितले होते, आणि लाल पट्टी म्हणजे नुसती खूण असेल असे तिला वाटले होते.

त्या दिवशी गोपिकेला दुसरे औषध मिळाले. नावाच्या एकुलत्या एका जागेत, नावाच्याही आधी, सुमतीने 'पेनिसिलीन नको' असे घातले. साहेब रागावले, तिने ते ऐकून घेतले. आनंदराव परत आले, तेव्हा ती दारातच उभी होती.

"लाल पट्ट्या किती आहेत?"

"नऊशे बारा," आनंदराव म्हणाले. "पिवळी अकरा हजारांवर हायेत."

"चला," ती म्हणाली.

रोजचे काम संपवून ते दोघे माझ्यासमोर स्टुलावर बसत. ते कार्ड उलटे करून वाचत, ती लिहून घेई. आधी लाल संपवली, मग पिवळी घेतली. अजून ते काम चालूच आहे. काही कार्डांवरची शाई उडाली आहे. काही पट्ट्या वाळून कधीच गळून पडल्या असतील. त्या कोणाच्या होत्या, हे आता मलाही सांगता येत नाही. ते आठवले, की माझे लाकूड उन्हाळ्यातही जड होते.

मित्रांनो, मला फार शिकवता येत नाही. मी एक लाकडी कपाट. पण इतक्या वर्षांत एवढे पाहिले, की यंत्र लाकडाचे असो की विजेचे, कोणी विचारून लिहिले असेल तेवढेच ते जाणते. म्हणून आज घरी गेलात की आईला विचारा, आजीला विचारा, तुझे आधीचे नाव काय होते, तुला कोणते औषध सोसत नाही. ते एका कागदावर लिहून ठेवा. आणि पुढे तुमच्यापैकी कोणी खिडकीच्या आतल्या बाजूला बसला, तर बाकावरून आलेला क्षीण आवाज बरळणे समजून सोडून देऊ नका. आणि हो, घरात एखादे जुने कपाट असेल, तर उन्हाळ्यात त्याच्या खणाखाली मेणबत्ती घासा.

माझे बरेचसे खण आता रिकामे झाले आहेत. काहींत कापूस आणि पट्ट्या ठेवतात. 'ग'च्या खणातली कार्डेही संपली, फक्त एक सोडून. ते सुमतीने परत आणून ठेवले. कोणीही खण उघडला तरी आधी लाल अक्षरेच दिसावीत, म्हणून तिने ते पालथे ठेवले आहे.